संगणकाला ५.१ स्पीकर: आधी खोली, मग स्पीकर, शेवटी साउंड कार्ड



आजचा विषय संगणकाच्या आवाजाचा. ५.१ चे स्पीकर घ्यावेत का, घ्यायचे तर कोणते, आणि त्यांच्यासाठी वेगळं साउंड कार्ड लागतं का? प्रश्न तीनच आहेत, पण बहुतेक लोक ते उलट्या क्रमाने सोडवतात. आधी दुकानात खोक्यावरचा मोठा आकडा बघून सेट घेतात. मग घरी आणून तो ठेवायचा कुठे याचा विचार करतात. आणि शेवटी संगणकाची मागची बाजू बघितल्यावर कळतं की वायर सहा आहेत आणि भोक एकच.

सैन्यात कोणतीही योजना करण्याआधी ‘अ‍ॅप्रिसिएशन’ करतात. आधी उद्दिष्ट काय ते ठरवायचं, मग जमीन बघायची, मग हाताशी असलेली साधनं मोजायची, आणि त्यानंतरच पर्यायांपैकी एक निवडायचा. आज आपण त्याच क्रमाने जाऊ. वाटेत तुमच्या लक्षात येईल की साउंड कार्डाचा निर्णय सगळ्यात शेवटी येतो, आणि बऱ्याच घरांत तो घ्यावाच लागत नाही.

उद्दिष्ट: तुम्ही ऐकता काय?

५.१ म्हणजे पाच पूर्ण स्पीकर आणि एक खर्जाचा, ज्याला आपण सबवूफर म्हणतो. पाचांपैकी दोन समोर डावी-उजवीकडे, एक बरोबर मध्ये, आणि दोन श्रोत्याच्या बाजूला किंचित मागे. खर्जाच्या चॅनेलला ‘.१’ म्हणतात, कारण तो फक्त सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतचा खालचा आवाज वाहतो, म्हणजे पूर्ण चॅनेलचा लहानसा तुकडा.

आता तुमच्या ऐकण्याची यादी करा. जुनी नाट्यगीतं, भावगीतं, आकाशवाणीच्या जमान्यातली ध्वनिमुद्रणं मुळात एकाच चॅनेलची, म्हणजे मोनो. नंतरचं संगीत दोन चॅनेलचं, स्टिरिओ. यूट्यूबवर आपण जे बघतो त्यातलं बहुतेक सगळं स्टिरिओच असतं. यातलं काहीही ५.१ वर लावलं तर मागचे स्पीकर एक तर गप्प बसतात, नाहीतर पुढचाच आवाज उसना घेऊन वाजवतात. त्यातून नवीन काही ऐकू येत नाही. संगीत हेच तुमचं उद्दिष्ट असेल, तर तेवढ्याच पैशांत दोन चांगले स्पीकर हे सहा सामान्य स्पीकरांपेक्षा नेहमीच सरस ठरतात.

५.१ चा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे चित्रपट आणि मालिका, त्याही डीव्हीडी, ब्लू-रे किंवा ५.१ चा ट्रॅक असलेल्या. दुसरा म्हणजे संगणकावरचे खेळ, जिथे मागून आलेल्या पावलांचा आवाज मागूनच यावा लागतो. इथे एक सावधगिरी. अनेक ओटीटी सेवा टीव्हीवर ५.१ देतात, पण संगणकाच्या ब्राउझरमध्ये दोनच चॅनेल पाठवतात. तुम्ही जी सेवा संगणकावर बघता ती तिथे ५.१ देते का, हे आधी तपासा. देत नसेल तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

साठीनंतरच्या कानासाठी मधला स्पीकर

माझ्या वयाच्या मंडळींना एक तक्रार ओळखीची असेल: ‘आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत.’ मी तोफखान्यात नोकरी केली, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. वय आणि मोठे आवाज, दोन्हींचा मार आधी वरच्या पट्टीवर बसतो. तोफा-बंदुकांच्या आवाजाने होणारं नुकसान साधारण ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सर्वांत आधी दिसतं. स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज बराचसा वरच्याच पट्टीत असतो, स्वर मात्र खालच्या पट्टीत. म्हणून ‘आ’ ऐकू येतो, पण शब्द ‘सात’ होता की ‘हात’, ते कळत नाही. आपण आवाज वाढवतो, तर पुढच्याच क्षणी पडद्यावर गाडी उडते आणि अख्खं घर दचकतं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत मराठी नाटक मनात येईल तेव्हा बघायला मिळतंच असं नाही. मराठी संवाद कानावर पडायचे ते याच संगणकातून. तेच कळले नाहीत तर बघण्यात काय राम?

५.१ च्या मिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरवर असतात, आणि संगीत व स्फोट बाकीच्यांवर. म्हणजे मधल्या स्पीकरची पातळी ३-४ डेसिबलने वाढवली आणि खर्ज थोडा उतरवला, की संवाद पुढे येतात आणि घर दचकत नाही. दोन स्पीकरांवर हे जमत नाही, कारण तिथे सगळं एकत्र कालवलेलं असतं. साठीनंतर ५.१ घेण्याचं सगळ्यात चांगलं कारण मागून येणारं विमान नव्हे, हा मधला स्पीकर आहे.

पैसे खर्च करण्याआधी मात्र दोन गोष्टी करा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये अनेक संगणकांवर ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाचा पर्याय असतो. तो हळू आवाज वर आणतो आणि मोठा आवाज दाबतो. फुकट आहे, एक आठवडा लावून बघा. दुसरी गोष्ट, समोर बसलेल्या माणसाचं बोलणंही निसटत असेल तर स्पीकरांच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. श्रवणयंत्राचं काम स्पीकर करू शकत नाही.

जमीन: खोलीची रेकी

आवाज कुठून आला हे कानाला कळतं कसं? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढा, आणि तरी मेंदू तो पकडतो. तोफखान्यात ‘साउंड रेंजिंग’ याच तत्त्वावर चालतं. दूरदूर मायक्रोफोन पेरायचे, शत्रूच्या तोफेचा आवाज कुठल्या मायक्रोफोनला किती उशिरा पोहोचला ते मोजायचं, आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी ही पद्धत विकसित करण्यात विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांचा मोठा वाटा होता, ज्यांना १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

५.१ मध्ये हेच गणित उलटं केलेलं असतं. स्पीकर ठरलेल्या जागी ठेवायचे आणि मेंदूला तोफ तिथे असल्याचं पटवायचं. जागा चुकली की गणित चुकलं, मग स्पीकर कितीही महाग असोत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची यासाठी शिफारस आहे. श्रोता मध्यभागी. पुढचे दोन स्पीकर समोरच्या रेषेपासून डावी-उजवीकडे ३० अंशांवर, मधला शून्यावर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे मागचे स्पीकर पाठीमागच्या भिंतीवर नव्हेत, कानांच्या बाजूला, जरासे मागे. ३० अंश मोजायला कंपास लागत नाही. तुमचं डोकं आणि पुढचे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण करा. डोक्यापासून पुढचे स्पीकर ३ फुटांवर असतील तर त्या दोघांमध्येही ३ फूट अंतर ठेवा.

आता आपल्याकडची नेहमीची खोली घ्या, १० बाय १२ ची. टेबल एका भिंतीला, पलंग दुसऱ्या भिंतीला, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला दार. टेबलाशी बसून बघणार असाल तर मागचे स्पीकर तुमच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर किंवा थोडे वर, स्टँडवर किंवा भिंतीवर लावता येतात का? डावा कपाटावर आणि उजवा खिडकीत असं होत असेल, तर एक तुमच्यापासून १ मीटरवर आणि दुसरा ३ मीटरवर पडेल. २ मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद. कान नेहमी आधी आलेल्या आवाजाच्या दिशेला खेचला जातो, त्यामुळे मागचा सगळा आवाज एकाच बाजूने येतोय असं वाटेल.

पलंगावर पडून बघणारे असाल आणि पलंग भिंतीला टेकलेला असेल, तर मागे जागाच नाही. अशा खोलीत ५.१ चा हट्ट धरू नका. २.१ घ्या. संवादांसाठी मधला स्पीकर हवाच असेल तर वेगळा सेंटर असलेला ३.१ चा साउंडबार बघा.

वायरचा मार्गही याच वेळी ठरवा. दारातून जाणारी वायर आज ना उद्या कोणाच्या तरी पायात येते, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर ते धोक्याचं आहे. इलेक्ट्रिशियनकडून केसिंग-कॅपिंगची पट्टी मारून घ्या. खर्च किरकोळ आहे. सेटबरोबर आलेल्या वायर मागपर्यंत पुरतात का, तेही दोरी घेऊन मोजा.

राहिला सबवूफर. ८० हर्ट्‌झच्या आवाजाची लांबी ४ मीटरहून जास्त असते, त्यामुळे तो कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही. म्हणून सबवूफर कुठेही चालतो, पण कोपऱ्यात ठेवला की घुमतो. चांगली जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी: सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्ज असलेलं गाणं लावा, आणि जमिनीलगत रांगत खोलीभर फिरा. जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येतो, ती त्याची जागा. सैन्यात रांगायची सवय लागतेच; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नातवाला पाठवावं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर त्याच्याखाली जाड रबराचा तुकडा घाला. हा खर्ज भिंतींना आणि स्लॅबला जुमानत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला तुमचा चित्रपट नको असतो.

साधनं: स्पीकर निवडताना

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांपैकी ‘पीएमपीओ’ लिहिलेला आकडा सोडून द्या. तो क्षणभराच्या शिखराचा हिशेब असतो आणि तो काढण्याची सर्वमान्य पद्धत नाही. ‘आरएमएस’ बघा, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती शक्ती. शंका असेल तर सेटच्या मागची पट्टी वाचा. तिथे वीज किती खातो ते लिहिलेलं असतं. भिंतीतून ६० वॅट आत जात असतील तर ६०० वॅट सतत बाहेर येणं निसर्गनियमात बसत नाही.

आरएमएसच्या मागेही फार लागू नका. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला ५० आणि १०० वॅटच्या सेटमधला फरक आकड्यापुरताच.

खरं बघायचं ते असं. मधल्या स्पीकरची पेटी केवढी आहे? तो संवाद वाहणार, म्हणून तो पुढच्या दोघांच्या तोडीचा हवा. स्वस्त सेटमध्ये पाचही स्पीकर मुठीएवढे असतात आणि सगळा भार सबवूफरवर टाकलेला असतो. मग पुरुषाचा आवाज अर्धा पेटीतून आणि अर्धा टेबलाखालून आल्यासारखा वाटतो. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर दोन ओळखीच्या गोष्टी न्या: एक संवादांचा प्रसंग आणि एक तुम्हाला पाठ असलेलं गाणं. विक्रेता स्फोटांचा व्हिडिओ लावेल. तुम्ही संवाद लावा. शब्द स्वच्छ कळतात का, एवढंच ऐका.

दुसरं, प्रत्येक चॅनेलची पातळी वेगळी करता येते का? रिमोटवर ‘सेंटर’, ‘सराउंड’, ‘सब’ अशी बटणं असली तर उत्तम. मघाशी सांगितलेली संवादांची युक्ती त्यावरच अवलंबून आहे.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: सेट वळवून त्याची पाठ बघा. साउंड कार्डाचा निर्णय तिथे लिहिलेला असतो.

रस्ता: आवाज संगणकातून स्पीकरपर्यंत कसा जातो

पहिला रस्ता अ‍ॅनालॉग. सेटच्या मागे सहा चॅनेलच्या सहा पिना, किंवा तीन लहान भोकं. संगणकाच्या बाजूला ३.५ मिलिमीटरची तीन भोकं लागतात, कारण एका भोकातून दोन चॅनेल जातात. रंगांची रीत ठरलेली आहे: हिरवं पुढच्या स्पीकरांसाठी, काळं मागच्या, नारिंगी मधला आणि सबवूफर यांच्यासाठी. तुमच्या डेस्कटॉपवर फक्त तीनच भोकं आहेत, हिरवं, निळं आणि गुलाबी? निराश होऊ नका. अनेक बोर्डांवर सेटिंगमध्ये ५.१ निवडलं की निळं मागच्या स्पीकरांचं काम करतं आणि गुलाबी मधल्या व सबवूफरचं. माइक मग पुढच्या बाजूला लावायचा. बोर्डाच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो.

दुसरा रस्ता ऑप्टिकल, ज्याच्या टोकाला लाल उजेड दिसतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या रस्त्याने साधा, न दाबलेला आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. सहा चॅनेल साध्या स्वरूपात पाठवायचे तर ४८,००० नमुने गुणिले १६ बिट गुणिले ६, म्हणजे सेकंदाला ४६ लाख ८ हजार बिट लागतात, आणि ही जोडणी दोन चॅनेलसाठीच आखलेली आहे. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल मात्र दाबून जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत बसवलेला असतो. तो ऑप्टिकलमधून सहज जातो, फक्त पलीकडे तो उलगडणारा डीकोडर हवा. म्हणून ऑप्टिकल वापरायचं असेल तर सेटवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ डीकोडर आहे का ते बघा. लॉजिटेकच्या झेड-९०६ सारख्या सेटमध्ये तो असतो. आणि संगणकावरच्या प्लेयरमध्ये ‘पासथ्रू’ सुरू करा. खेळांचा आवाज आधीपासून दाबलेला नसतो, त्यामुळे तो या रस्त्याने दोनच चॅनेलमध्ये येतो. याला एक उपाय आहे, तो पुढे सांगतो.

तिसरा रस्ता एचडीएमआय. ग्राफिक्स कार्डातून किंवा लॅपटॉपमधून एव्ही रिसीव्हरला एचडीएमआय जोडली तर आठ चॅनेलपर्यंतचा न दाबलेला आवाज जातो आणि साउंड कार्डाचा संबंधच येत नाही. घरात रिसीव्हर असेल तर हाच राजमार्ग. मात्र संगणक टीव्हीला आणि टीव्ही स्पीकरला, अशी साखळी केली तर काही टीव्ही मध्येच आवाज दोन चॅनेलचा करून टाकतात.

चौथा ब्लूटूथ. ५.१ च्या सेटवर ब्लूटूथ असलं तरी त्यातून नेहमीचा संगीताचा आवाज स्टिरिओच येतो. सहा स्पीकर वाजले म्हणजे सहा चॅनेल आले असं नाही.

आता साउंड कार्ड

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे आजची स्थिती कळेल. सुरुवातीचा पीसी फक्त ‘पीप’ करायचा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर १९८९ साली आलं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं कार्ड घेतल्याशिवाय संगणकाला धड आवाज नव्हता. १९९७ साली इंटेलने एसी-९७ आणि २००४ साली एचडी ऑडिओ हे दोन मापदंड आणले, आणि आवाजाची चिप बोर्डावरच येऊ लागली. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने खेळांचा आवाज थेट कार्डाच्या चिपकडे सोपवण्याचा जुना मार्ग बंद केला. तेव्हापासून ‘कार्ड म्हणजे वेग’ हे समीकरण संपलं.

गुणवत्तेचं काय? सीडीच्या १६ बिट आवाजात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातलं अंतर ९६ डेसिबल असतं. शहरातल्या खोलीत रात्री शांततेतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आणि आपण आरामात ऐकतो ते ६५ ते ७५ ला. म्हणजे प्रत्यक्षात आपण वापरतो ती पट्टी ३५-४५ डेसिबलची. ठीकठाक बोर्डावरची चिप त्याला भरपूर पुरते. कार्डाच्या खोक्यावरचे ११६ आणि १२० चे आकडे खोटे नसतात, पण पंख्याखाली बसून ते ऐकू येत नाहीत.

मग कार्ड घ्यायचं केव्हा? तीन परिस्थितींत.

पहिली, तुमच्या सेटला अ‍ॅनालॉग ५.१ हवं आणि संगणकावर तेवढी भोकं नाहीत. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं ५.१ कार्ड घ्या. क्रिएटिव्हचं ऑडिजी एफएक्स, आसूसचं झोनार एसई हे या वर्गातले. बोर्डावर रिकामी खाच आहे ना, ते पेटी उघडून बघा. लॅपटॉप असेल तर बाहेरचं यूएसबी कार्ड. इथे पुन्हा भोकं मोजा! अंगठ्याएवढी यूएसबी कार्डं ‘७.१’ असं छापून विकली जातात, पण त्यांना भोकं दोनच असतात, एक हेडफोनचं आणि एक माइकचं. ते ७.१ म्हणजे हेडफोनमध्ये केलेला आभास. त्याला ५.१ चा सेट जोडता येत नाही.

दुसरी, सेट ऑप्टिकलचा आहे आणि तुम्ही किंवा घरातली मुलं खेळ खेळता. अशा वेळी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’ असलेलं कार्ड घ्या. ते चालू आवाज तिथल्या तिथे दाबून ऑप्टिकलमधून सहाही चॅनेल पाठवतं. हाच तो मघाचा उपाय.

तिसरी, बोर्डाच्या आवाजात खरखर आहे. तपासायचं असं: काहीही न लावता आवाज वाढवा आणि माउस हलवा. माउसबरोबर चिरचिर ऐकू येत असेल तर बोर्डातलं विजेचं गोंधळी वातावरण आवाजात शिरतंय. आधी पुढच्या भोकाऐवजी मागचं वापरून बघा. अनेकदा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर बाहेरचं यूएसबी कार्ड घ्या, ते त्या वातावरणापासून दूर असतं.

आवाज माउसबरोबर बदलत नसेल आणि सतत ‘हं’ असा घुमत असेल, तर तो बहुधा ५० हर्ट्‌झचा, विजेचा आहे. त्याला कार्ड हा इलाज नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेवर आहे. संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तरी राहिला तर मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. अर्थिंगची जाड पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

लॅमिंग्टन रोड, नेहरू प्लेस, एस. पी. रोड किंवा रिची स्ट्रीटला जुनी कार्डं स्वस्तात मिळाली तरी दोन गोष्टी बघा. जुनी पीसीआय खाचेची कार्डं आजच्या बहुतेक बोर्डांत बसत नाहीत. आणि तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का, हे पैसे देण्याआधी मोबाइलवर तपासा.

पडताळणी

सगळं जोडून झालं की विंडोजच्या साउंड खिडकीत ‘प्लेबॅक’मध्ये जा, तुमचं साधन निवडा, ‘कॉन्फिगर’ दाबा, ५.१ निवडा आणि एकेक स्पीकर वाजवून बघा. पडद्यावर डावा मागचा लखलखला की डाव्या मागच्यातूनच आवाज यायला हवा. मधल्याच्या जागी सबवूफर वाजला तर त्या जोडीची अदलाबदल झाली आहे. वायर बदला किंवा सेटिंगमध्ये ती जोडी उलटवा. पातळ्या जुळवताना बसण्याच्या जागी फोनवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप ठेवा. त्याचा आकडा अचूक नसला तरी पाचांची एकमेकांशी तुलना करायला पुरतो. मग मधला दोन-तीन खुणा वर, सबवूफर एखादी खूण खाली. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवून एक प्रसंग दाखवा आणि शब्द कळले का विचारा. त्यांचा होकार मिळेपर्यंत मधला स्पीकर थोडा थोडा वर न्या.

थोडक्यात सांगतो. संगीत आणि यूट्यूब हेच ऐकणं असेल, किंवा पलंगामागे जागा नसेल, तर दोन चांगले स्पीकर किंवा २.१, आणि कार्ड नको. चित्रपट बघता, संवाद निसटतात, खोलीत जागा आहे: तर मोठा मधला स्पीकर आणि स्वतंत्र पातळ्या असलेला ५.१, आणि बोर्डावर भोकं असतील तर कार्ड नको. रिसीव्हर असेल तर एचडीएमआय, आणि तरीही कार्ड नको. भोकं कमी, ऑप्टिकलवर खेळ, किंवा हटत नाही अशी खरखर, यातलं एखादं कारण असेल तरच कार्ड. आणि तेव्हाही दहा रुपयांतले आठ स्पीकरांवर जाऊ द्या.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर खोलीचं माप, बसण्याची जागा, आणि संगणकाच्या मागच्या भोकांचे रंग लिहून न्या. विक्रेत्याने काहीही दाखवलं तरी आधी तो कागद बाहेर काढा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!